जपानचं 'सुगी' झाड : एवढं संशोधन होऊनही शिंका का थांबत नाहीत?

मृण्मयी_निशिकासाई
नमस्कार मंडळी. तोक्योत येऊन सहा वर्षं झाली. पहिली चार वर्षं वसंत ऋतू म्हणजे आधी प्लमचा बहर आणि मग साकुरा, एवढंच माहीत होतं. ऑफिसात निम्मी माणसं फेब्रुवारी ते एप्रिल मास्क लावून, डोळे लाल करून बसायची, तेव्हा वाटायचं की इथे सर्दीची साथ फार येते. गेल्या वर्षी माझेच डोळे चुरचुरायला लागले. यंदा सकाळी उठल्याबरोबर सलग दहा-बारा शिंका, नाकाला नळ लागल्यासारखं पाणी, आणि टाळूच्या आत अशी खाज की जीभ घासून घासून थकते. रक्त तपासलं. सुगी झाडाच्या परागांची अ‍ॅलर्जी निघाली, वर्ग ४, म्हणजे बरीच जोरात.

काल बाल्कनीच्या काळ्या कठड्यावरून बोट फिरवलं तर हळदीसारखी पिवळी पूड बोटाला लागली. कपडे आतच वाळत घालते, दारात आल्यावर कोट झटकते, लेकीला शाळेतून आल्या आल्या तोंड धुवायला लावते.

मला खरंच समजून घ्यायचंय. या झाडावर जपानात साठ वर्षं संशोधन चाललंय म्हणतात. मग झाडं तोडत का नाहीत? आणि या अ‍ॅलर्जीवरच्या, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचा कोर्स कुणी केलाय का?

रानवाटा
मृण्मयीताई, काळजी घ्या. आधी नावाचं बघू, कारण मराठी बातम्यांत याला सर्रास 'जपानी देवदार' लिहितात आणि त्यामुळे घोळ होतो. इंग्रजीत सीडर म्हणतात म्हणून आपण देवदार म्हणतो. पण हिमालयातला आपला देवदार पाइनच्या कुळातला, आणि सुगी सायप्रसच्या कुळातला. अमेरिकेतले ते आकाशाला भिडणारे रेडवुड सुगीचे नातेवाईक आहेत, देवदार नाही.

शास्त्रीय नाव क्रिप्टोमेरिया जापोनिका. डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये ही प्रजाती (इंग्रजीत जीनस) वेगळी काढली. नावाचा अर्थ 'लपलेले भाग', म्हणजे फुलाचे भाग दिसत नाहीत असं. या प्रजातीत आज ही एकच जात उरली आहे. म्हणून 'सुगी'च म्हणूया, छान शब्द आहे.

शेतकरीपुत्र_सांगली
छान शब्द कसला, आमचाच शब्द आहे! आमच्याकडे सुगी म्हणजे पिकं काढायचे दिवस. मळणी, रास, घरात धान्य. आणि ताईंचे सुगीचे दिवस बघा कसे चाललेत. लवकर बऱ्या व्हा.

मृण्मयी_निशिकासाई
शेतकरीपुत्र, नवऱ्याला वाचून दाखवलं, दोघंही हसलो. हसताना परत शिंका.

लाकूडतोड्या_त्सुकुबा
त्सुकुबाला वनशास्त्रात पीएचडी करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जपानचा दोन तृतीयांश भाग जंगल आहे. त्यातलं सुमारे १ कोटी हेक्टर माणसाने लावलेलं, आणि त्यात एकट्या सुगीचं जवळपास ४४ लाख हेक्टर. अंदाज यावा म्हणून सांगतो, महाराष्ट्राचं सगळं नोंदलेलं वनक्षेत्र ६१ लाख हेक्टरच्या आसपास आहे. त्याच्या पाऊणपटीला जरा कमी एवढी जमीन फक्त या एका झाडाखाली.

हे का झालं? युद्धाच्या काळात डोंगर उघडे पडले होते. नंतर शहरं उभी करायला लाकूड हवं होतं, पुरांनी गावं वाहून जात होती. सरकारने ठरवलं की भराभर वाढणारं, सरळ खोडाचं झाड लावायचं. १९५० ते ७० च्या दशकात मिश्र जंगलं तोडूनही सुगी आणि हिनोकी (जपानी सायप्रस) लावले. रोपं मोठी होईपर्यंत बाहेरचं स्वस्त लाकूड आलं. १९६४ मध्ये लाकडाची आयात पूर्ण खुली झाली, १९८० नंतर भाव पडत गेले. मजुरी निघेना, म्हणून विरळणीही (दाटीतली काही झाडं काढून टाकणं) झाली नाही.

आणि सुगी साधारण पंचविशी-तिशी ओलांडली की जोरात फुलायला लागतो. म्हणजे सगळ्या देशाने एकाच वेळी लावलेली झाडं एकाच वेळी वयात आली.

अमृता_जोशी_मेलबर्न
म्हणजे झाडाचा दोष नाहीच. दोष एकच झाड सगळीकडे लावण्याचा. पुण्याच्या टेकड्यांवर गिरीपुष्प लावलं तेव्हाही हेतू चांगलाच होता. आता त्याखाली दुसरं काही उगवताना दिसत नाही.

कोकणकडा
+१. आमच्याकडे लाल कातळावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, तिच्यावर पक्षीसुद्धा धड बसत नाहीत. तरी माझा प्रश्न तोच. चूक कळली ना? मग तोडा आणि दुसरं लावा. जपानला काय अशक्य आहे?

लाकूडतोड्या_त्सुकुबा
कोकणकडा, मीही आलो तेव्हा हेच विचारलं होतं. आमच्या सरांनी मला सरळ एका उतारावर नेलं. पस्तीस-चाळीस अंशांचा चढ, पायाखाली सुगीच्या वाळक्या डहाळ्यांचा भुसभुशीत थर, आणि खोडं इतकी दाट की दुपारी दोनलाही अंधारलेलं. मालक कोण, तर तीन पिढ्यांपूर्वी वाटणी झालेली सतरा-अठरा नावं. त्यातले निम्मे ओसाकात, काहींचा पत्ताच नाही. रस्ता नाही, म्हणजे यंत्र जाणार नाही. एकदम सगळं तोडलं तर पहिल्याच मोठ्या पावसात डोंगर खाली.

तरी सरकारने २०२३ मध्ये ठरवलंय : वर्षाला ५० हजार हेक्टरऐवजी ७० हजार हेक्टर सुगी तोडून नवी लागवड करायची, दहा वर्षांत सुगीच्या लागवडीचं क्षेत्र २० टक्क्यांनी कमी करायचं, आणि सुमारे तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणायचे. तीस वर्षं, कारण रोपाला झाड व्हायला तेवढी लागतातच.

आता संशोधनाचा जो भाग मला सगळ्यात आवडतो तो. १९९२ मध्ये तोयामा प्रांतात एक सुगी सापडला, त्यातून पराग उडतच नव्हते. नरफुलं दिसायला तश्शी, पण आतले पराग पक्व होण्याआधीच कोसळतात. पुढे असे आणखी वृक्ष सापडले. हा गुण अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तसा जनुक आला तरच रोप परागहीन. त्यामुळे परागहीन मादी आणि एकच बिघडलेली प्रत असलेला नर यांचा संकर केला तरी निम्मीच रोपं कामाची. ती ओळखायची कशी? रोपांवर जिबरेलिन या वनस्पती-संप्रेरकाचा फवारा मारून लहानपणीच फुलं आणायची आणि प्रत्येक फूल फोडून बघायचं. मी स्वतः केलंय हे काम. तांदळाच्या कणीएवढं फूल चिमट्याने दाबायचं, पिवळं उडालं की रोप बाद. संध्याकाळी मान मोडून येते.

२०२१ मध्ये तो जनुक नेमका हाती लागला. एका प्रकारात त्यातली डीएनएची फक्त ४ अक्षरं गळालेली आहेत, दुसऱ्यात ३०. सुगीचा जनुकसंच माणसाच्या सुमारे तिप्पट मोठा आहे, त्यात ही ४ अक्षरं शोधायची होती! आता पानाचा छोटा तुकडा तपासून रोप कुठलं ते कळतं.

रानवाटा
लाकूडतोड्या, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा. एक विचारतो. परागहीन झाडांची शाखाकलमं करून सगळीकडे लावली तर पुन्हा तीच चूक नाही का? एकाच आईची लेकरं, एक रोग आला की सगळी साफ.

लाकूडतोड्या_त्सुकुबा
अगदी बरोबर शंका आहे, आणि प्रयोगशाळेत यावर वाद होतात. म्हणून वेगवेगळ्या प्रांतांतल्या स्थानिक सुगींमध्ये तो जनुक संकराने नेतायत. हिमयुगात सुगी काही थोड्या ठिकाणीच तगला होता, वाकासा आखाताच्या आसपास, इझूला, याकुशिमा बेटावर. तळ्यांच्या गाळातले जुने परागकण मोजून हे काढलंय. आज ज्यांनी शिंका येतात त्याच परागांनी हा इतिहास सांगितला. जपान समुद्राकडचे सुगी बर्फाच्या ओझ्याने वाकतात आणि जमिनीला टेकलेल्या फांदीला मुळं फुटतात, पॅसिफिककडचे तसे नाहीत. हा फरक राखायलाच हवा.

तारांगण
परागांचं चाललंय ते चालू द्या, पण या झाडाचं सगळ्यात मोठं देणं अजून कुणी सांगितलं नाही!

२०१२ मध्ये फुसा मियाके, तेव्हा नागोया विद्यापीठात पीएचडी करत होत्या, याकुशिमाच्या जुन्या सुगींच्या वर्षवलयांतला कार्बन-१४ मोजत होत्या. हा किरणोत्सर्गी कार्बन अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे हवेत तयार होतो आणि झाडं तो ओढून घेतात. एकेक-दोनदोन वर्षांची वलयं सोलून. इसवी सन ७७४ ते ७७५ या एका वर्षात त्यांना कार्बन-१४ एकदम १.२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आकडा छोटा वाटतो, पण सूर्याच्या नेहमीच्या चढउताराने जेवढा फरक पडतो त्याच्या सुमारे वीसपट आहे. नंतर युरोपातल्या ओकमध्येही तीच उडी सापडली. सूर्यावरून कणांचा प्रचंड लोट आला होता असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आज तसा आला तर उपग्रहांचं काय होईल याचा अभ्यास त्या वलयांपासून सुरू झाला. या घटनांना आता 'मियाके घटना' असंच नाव आहे.

७७४ म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूट. वेरूळचं कैलास लेणं ज्या पहिल्या कृष्णाच्या नावावर आहे, त्याच्या कारकिर्दीची अखेर. त्या वर्षी वेरूळच्या टेकडीवर जी झाडं असतील त्यांनीही तोच कार्बन ओढला असणार. ती राहिली नाहीत, याकुशिमाची राहिली.

पुढचं तर ऐका. त्यांनीच दुसरी उडी शोधली, ९९३ ची. कॅनडात न्यूफाउंडलंडला व्हायकिंगांची वस्ती सापडली आहे, तिथल्या लोखंडी हत्याराने तोडलेल्या लाकडांत संशोधकांनी ९९३ चं वलय ओळखलं आणि तिथून सालीपर्यंत वलयं मोजली. अठ्ठावीस. म्हणजे झाड तोडलं १०२१ मध्ये. अटलांटिकच्या पलीकडचं साल एका जपानी झाडाच्या जोरावर पक्कं झालं.

कोकणकडा
अंगावर काटा आला. तोडा म्हणालो ते शब्द याकुशिमापुरते परत घेतो.

सह्यभटका
याकुशिमाला जाऊन आलोय, २०१८. तिथे म्हणतात महिन्यातले ३५ दिवस पाऊस पडतो. आंबोलीचा पाऊस बघितलाय, तरी तिथला वेगळाच, थंड आणि बारीक, सगळीकडून येणारा. जोमोन सुगी हा तिथला सगळ्यात प्रसिद्ध जुना वृक्ष बघायला जाऊन येऊन बावीसेक किलोमीटर चाल आहे. पहाटे अंधारात निघालो. पहिले काही तास जुन्या लाकूडवाहू रेल्वेच्या रुळांवरून, मग चढ. तिथे हजार वर्षांवरच्या झाडालाच 'याकुसुगी' म्हणतात, त्याहून लहान तो 'कोसुगी', म्हणजे पोर. आठशे वर्षांचं पोर!

ग्रॅनाइटच्या बेटावर मातीत कस नाही, म्हणून झाड फार हळू वाढतं. वलयं इतकी बारीक की नखाच्या रुंदीत दहा-पंधरा मावावीत. लाकडात राळ भरपूर, त्यामुळे एवढ्या ओलीतही सडत नाही. जोमोन सुगीचा घेर १६.४ मीटर आहे. वयाबद्दल २१७० पासून ७२०० वर्षांपर्यंत अंदाज आहेत, गाभा पोकळ असल्यामुळे नक्की मोजता येत नाही. मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून लांबूनच, मचाणावरून बघायचं. धुकं हललं आणि खोड दिसलं तेव्हा आमच्यातलं कुणी दहा मिनिटं बोललं नाही.

मृण्मयी_निशिकासाई
तारांगण, सह्यभटका, झाडाबद्दलचा राग निम्मा गेला. पण नाक तेच आहे हो. कुणी डॉक्टर आहेत का इथे?

डॉ_कानाडोळा
नाशिकला कान-नाक-घसा बघतो. ताई, हा सल्ला म्हणून न घेता माहिती म्हणून वाचा.

सुगीच्या परागज्वराची पहिली नोंद १९६४ ची, निक्को भागातली. त्रास देणारी परागांतली मुख्य दोन प्रथिनं, क्राय जे १ आणि क्राय जे २. ती नाकाच्या ओल्या अस्तरावर विरघळतात आणि शरीर त्यांना शत्रू समजून प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. हे साठायला काही हंगाम लागतात, म्हणून तुम्हाला पहिली चार वर्षं काही झालं नाही. जपानातल्या देशव्यापी पाहणीत सुगीचा त्रास असलेले लोक १९९८ मध्ये १६.२ टक्के होते, २००८ मध्ये २६.५ आणि २०१९ मध्ये ३८.८. तिथल्या जंगली माकडांनाही हा आजार होतो.

एक जुना अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. निक्कोजवळ जुनी सुगीची वाट आहे, दुतर्फा हजारो झाडं. १९८० च्या दशकात संशोधकांनी पाहिलं की वाहनांची वर्दळ असलेल्या त्या वाटेकाठी राहणाऱ्यांना त्रास जास्त, आणि तितकेच पराग असलेल्या पण वर्दळ नसलेल्या जंगलालगतच्या वस्तीत कमी. डिझेलचा धूर परागांना धार लावतो, अशी शंका तिथून पक्की होत गेली. म्हणजे सगळा बोजा झाडावर टाकू नका.

ताई, सुगीवाल्यांपैकी काहींना टोमॅटो खाल्ल्यावर तोंडात खाज येते. तसं होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

मृण्मयी_निशिकासाई
डॉक्टर, टोमॅटो!!! गेल्या महिन्यात कोशिंबीर खाताना ओठ खाजले, मला वाटलं मिरची. सांगते नक्की.

नारा_वहिनी
मला थोडं वेगळं म्हणायचंय. आम्ही नारा प्रांतात, योशिनोच्या पायथ्याशी राहतो. इथल्या सुगीची साकेची (तांदळाच्या दारूची) पिंपं होतात, घरांचे खांब होतात. शेजारचे आजोबा ऐंशीच्या पुढचे. ते सांगतात, शाळेत असताना मुलांच्या पाठीवर रोपांच्या जुड्या बांधून डोंगरावर न्यायचे. नातवंडं या झाडांवर शिकतील असं सांगितलं होतं. आता भाव नाही, आणि टीव्हीवर रोज 'शत्रू' म्हणून त्याच झाडांचे पिवळे ढग दाखवतात. मागच्या आठवड्यात आजोबा स्वतः मास्क लावून कोयत्याने खालच्या फांद्या छाटत होते. लाकडात गाठ राहू नये म्हणून. विकलं जाणार नाही हे माहीत असून.

तोडायचं तर तोडा, पण त्या लाकडाचं काही तरी नीट करा. बांधकामात वापरा, शाळांची बाकं करा. संशोधनाचा पैसा तिकडेही जायला हवा.

अमृता_जोशी_मेलबर्न
नारा_वहिनी, कोयत्याचं वाचून गलबलून आलं.

निवृत्त_सुभेदार
आमच्या कोल्हापूरकडनं राम राम. हे झाड मी बघितलंय, आपल्याच देशात! दार्जिलिंगला पोस्टिंग होतं. तिथं त्याला 'धुपी' म्हणतात. घूम, कर्सियांगकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूला सरळसोट, धुक्यात उभं. इंग्रजांच्या काळात आणून लावलं. तिथली म्हातारी माणसं म्हणायची, धुपीच्या बनात पाखरू बोलत नाही. खाली गवतसुद्धा तुरळक. आम्ही चहाच्या खोक्यांची फळी म्हणून वापरायचो, हलकी आणि वासाची.

लाकूडतोड्या_त्सुकुबा
सुभेदारसाहेब, राम राम. धुपीच! इथल्या विरळणी न केलेल्या बनांतही अगदी हेच, तळाशी उजेड पोचत नाही म्हणून काही उगवत नाही. विरळणी केली की काही वर्षांत खाली झुडपं येतात.

जाता जाता, सिडोविया जापोनिका नावाची बुरशी सुगीची नरफुलंच मारते. ती फवारून पराग रोखता येतील का यावर इथे काम चालू आहे. आणि क्राय जे चे तुकडे असलेला भातही इथेच त्सुकुबात तयार केलाय, खाऊन शरीराला सवय व्हावी म्हणून. पण तो औषध धरला जातो, त्यामुळे चाचण्या लांबल्या आणि अजून दुकानात आलेला नाही.

पूर्वा_योकोहामा
गोळ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. माझं तिसरं वर्ष चालू आहे. जिभेखाली घ्यायचे थेंब २०१४ मध्ये आले, गोळी २०१८ मध्ये. हंगाम चालू असताना सुरू करत नाहीत, त्यामुळे आत्ता गेलात तर परत पाठवतील. जूनपासून पुढे जा. पहिली गोळी दवाखान्यातच घ्यायची, अर्धा तास बसवून ठेवतात. एक आठवडा कमी ताकदीची, मग वाढवलेली. जिभेखाली एक मिनिट धरून गिळायची, पाच मिनिटं पाणी नाही, आणि पुढे-मागे दोन तास धावपळ किंवा गरम पाण्याची अंघोळ नाही. मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा घेते, म्हणजे विसरत नाही. सुरुवातीचे तीन आठवडे तोंडात खाज आली, मग गेली.

फरक? पहिल्या वर्षी थोडा. या वर्षी मुलाच्या शाळेच्या निरोपसमारंभाला मास्कशिवाय बसले आणि फोटोत माझे डोळे उघडे आहेत. तीन ते पाच वर्षं नेटाने घ्यावी लागते, आणि सगळ्यांनाच लागू पडते असं नाही. पण करा.

डॉ_कानाडोळा
पूर्वाताईंनी उत्तम लिहिलंय. लहान मुलांनाही देतात, फक्त मूल गोळी जिभेखाली धरून ठेवू शकलं पाहिजे. दमा असेल तर आधी सांगा.

तारांगण
एक शंका. बातम्यांत म्हणतात की आदला उन्हाळा कडक गेला की पराग जास्त. खरं का?

लाकूडतोड्या_त्सुकुबा
खरं. नरफुलांच्या कळ्या जुलैच्या आसपास धरतात. तेव्हा ऊन आणि उष्णता भरपूर असली की कळ्या जास्त. नोव्हेंबरमध्ये माणसं दुर्बिणी घेऊन झाडांच्या शेंड्यांवरच्या कळ्यांचा अंदाज घेतात आणि त्यावरून वसंताचं भाकीत करतात. उन्हाळे तापत चाललेत, त्यामुळे आमच्या तीस वर्षांच्या हिशेबाला तिकडूनही ढुशी बसते आहे. मला याची खरोखर भीती वाटते.

मृण्मयी_निशिकासाई
सगळ्यांचे मनापासून आभार. जूनच्या दुसऱ्या आठवड्याची वेळ आजच घेऊन टाकली. टोमॅटोचं लिहून ठेवलंय. पूर्वाताई, दिव्याची युक्ती मीही वापरणार.

आणि एक गंमत. रात्री जेवताना लेकीला फुसा मियाकेंची गोष्ट सांगितली. सात वर्षांची आहे. आज शाळेतून येताना देवळाच्या आवारात पडलेली सुगीची डहाळी घेऊन आली, वलयं बघायला. बोटाएवढ्या जाडीच्या तुकड्यावर भिंगातून सहा मोजली आम्ही, म्हणाली "माझ्याहून एक वर्षाने लहान". टोकाला तपकिरी-पिवळट दाणे लटकलेत, लोंबीसारखे. नरफुलं हीच का? सध्या सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलंय.

लाकूडतोड्या_त्सुकुबा
हीच! लेकीला शाबासकी सांगा. पण ताई, पिशवी घरात अजिबात उघडू नका. टोकं पिशवीतच राहू द्या, वलयांचा तुकडा ओल्या फडक्याने पुसून तिला द्या.